खुर्चीवरचा कोट

प्रिय बाबा,

आज ऑफिसात प्रीतीने मला विचारलं, "मृणाल, ये 'बाबा' कौन-सी सर्विस है? दो हफ्ते से रेड है. हटा दूँ?"

तिला काय माहीत! ती आमच्या टीममध्ये नुकतीच आलेली आणि मी तुमच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच कामावर गेलेली. "रहने दे यार, मैं देखती हूँ," म्हटलं आणि उठून जिन्यात जाऊन बसले. आमच्या इमारतीत सगळे लिफ्टने जातात, त्यामुळे जिन्यात कुणी विचारायला येत नाही. तिथून जी निघाले ती सरळ घरी आले आणि हे पत्र लिहायला बसले. कारण 'बाबा' ही सर्विस कोणती हे प्रीतीला सांगायच्या आधी तुम्हाला सांगायला हवं. तुम्हाला मी तेव्हा खोटं सांगितलं होतं.

आठवतंय, तुम्ही मटार सोलत होतात आणि मी ओट्याला टेकून माझं काम समजावत होते? गोदामाचं सॉफ्टवेअर वेगळं, कुरियरचं वेगळं, दुकानाचं तिसरंच. ती सगळी एकमेकांशी बोलावीत म्हणून आम्ही मधला सांगाडा बांधतो. आणि त्यातलं कोण आजारी पडलंय हे गिऱ्हाइकाच्या आधी आम्हाला कळावं म्हणून दर मिनिटाला प्रत्येकाची तब्येत विचारायची. उत्तर आलं की फलकावर हिरवा दिवा, नाही आलं की लाल. ही तपासणी कशी असावी ते ठरवायचं माझ्याकडे होतं.

"म्हणजे हजेरी," तुम्ही म्हणालात. दिल्लीत केंद्रीय मंत्रालयात अख्खी नोकरी केलेला माणूस दुसरं काय म्हणणार! आणि मग तुम्ही तुमच्या सेक्शनमधल्या त्या साहेबांची गोष्ट सांगितलीत. सकाळी यायचे, खुर्चीच्या पाठीला कोट टांगायचे आणि चहाला जायचे ते लंचनंतरच उगवायचे. कुणी विचारलं की शिपाई सांगायचा, "साहब यहीं कहीं हैं, कोट टँगा है."

"तुझ्या त्या दिव्याला कोट आणि माणूस यातला फरक कळतो का गं?"

नव्हता कळत! मी परतीच्या मेट्रोत राजीव चौकाला गाडी बदलायची विसरून दोन स्टेशनं पुढे गेले, इतकी त्याच विचारात होते. दुसऱ्या दिवशी सगळा आराखडा फिरवला. नुसतं 'आहेस का' विचारायचं नाही, एखादं छोटं काम करून दाखवायला सांगायचं. एक खोटी ऑर्डर टाकायची आणि ती गोदामापर्यंत पोचते का ते बघायचं. टीममध्ये सगळे त्याला 'कोट टेस्ट' म्हणतात. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. किती मिरवलं असतंत तुम्ही! खालच्या मजल्यावरच्या सरिता आंटींना तर तीनदा ऐकावं लागलं असतं.

आई गेल्यावर तुम्ही करोल बाग सोडायला तयार झाला नाहीत. "गुरुग्रामला तुझ्या त्या विसाव्या मजल्यावर मी कुणाशी बोलू? कबुतरांशी?" बरं, नका येऊ. पण मग रोज सकाळी फोन कोण करणार? आठ वाजता माझी परदेशातल्या लोकांबरोबर मीटिंग, त्यानंतर कॅब, त्यानंतर दुसरी मीटिंग. मी चार दिवस फोन करायचे, पाचव्या दिवशी राहायचा. त्या पाचव्या दिवशी तुम्ही औषध घेतलं की नाही या काळजीने माझा जीव जायचा.

म्हणून मी ते केलं. एक नवीन नंबर घेतला, तो माझाच म्हणून तुम्हाला दिला आणि रोज सकाळी आठ वाजता त्यावरून तुम्हाला आपोआप मेसेज जाईल असं जोडून दिलं. 'बाबा, कसे आहात? औषध घेतलंत?' अर्ध्या तासात तुमचं उत्तर आलं आणि त्यात 'ठीक' हा शब्द असला की हिरवा दिवा. नसला की माझा फोन वाजणार. ऑफिसच्या फलकावर सॉफ्टवेअरच्या चाळीस सर्विसेसच्या खाली एक ओळ: बाबा. मला तेव्हा स्वतःचं किती कौतुक वाटलं होतं!

तिसऱ्याच दिवशी तुम्ही लिहिलंत, 'आज गुडघा बोलतोय.' शब्द नव्हता, फोन वाजला. मी मीटिंगमधून धावत बाहेर येऊन तुम्हाला फोन लावला आणि ओरडले.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही गं, गुडघा. ये-जा करताना..."

"मग नुसतं ठीक आहे असं लिहा ना! त्या शब्दावर चालतं सगळं. मी मीटिंगमध्ये आहे!"

तुम्ही विचारलंत, "मशिन लावलंयस का?"

"छे हो! मीच बघते रोज."

"अच्छा. बिल्कुल. यापुढे ठीक लिहीन."

आणि वरून आलेला आदेश पाळावा तसा तुम्ही तो पाळलात. त्यानंतर सात महिने दिवा एकदाही लाल झाला नाही. मी सगळ्यांना सांगत होते, बाबा एकदम फिट आहेत.

बाबा, मी तुमची उत्तरं वाचत नव्हते. एकही नाही. ती त्या नंबरावर जमा होत होती आणि मी फक्त दिवा बघत होते. परवा, तेराव्याची मंडळी गेल्यावर, मी ती पहिल्यांदा उघडली. मला वाटलं होतं 'ठीक', 'ठीक', 'ठीक' अशी रांग असेल. तुम्ही तर पत्रं लिहिली होतीत!

'ठीक आहे. आज आईचा वाढदिवस. शिरा केला, जरा करपला.'

'ठीक आहे. जिना चढताना मध्येच बसावं लागतं हल्ली. सरिताबाई म्हणतात डॉक्टरला दाखवा. तू आलीस की जाऊ.'

'ठीक आहे. हे तू लिहीत नाहीस हे मला कळतं हं. रोज आठ वाजून शून्य मिनिटं! तू जन्मात कधी वेळेवर उठली नाहीस. लिहीत नसलीस तरी चालेल, वाचतेस ना?'

मग पुण्याच्या मावशीने पाठवलेल्या मसाल्याचं. 'ठीक आहे. गोड्या मसाल्याच्या दोन्ही बरण्या तुझ्याकडेच राहिल्या आहेत. रविवारी येताना माझी घेऊन ये.'

तो रविवार मला लख्ख आठवतो. मी हात हलवत आले. तुम्ही दार उघडलंत, माझ्या पिशवीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बस, चहा टाकतो." जेवताना मी म्हटलं, "बाबा, आज आमटीला मजा नाही." तुम्ही म्हणालात, "मसाला संपलाय." आणि माझ्याकडे बघत राहिलात. मी "अच्छा" म्हटलं आणि फोनमध्ये डोकं घातलं.

कोट टेस्ट! एक छोटं काम सांगून बघायचं, ते पोचतं का ते तपासायचं. तुम्ही माझी तपासणी केलीत आणि मी नापास झाले. दुसऱ्या दिवशीचं उत्तर एवढंच आहे: 'ठीक आहे. कोट दिसतोय. माणूस कुठाय?'

त्याच दिवशी माझ्यावर ओरडला का नाहीत, बाबा? रविवारी जेवणाच्या ताटावरच का नाही म्हणालात, की मृणू, तू मला फसवतेयस? तुम्ही सेक्शनमधल्या साहेबांना फाइलवर सरळ लिहून द्यायचात, आणि पोटच्या मुलीला एक शब्द बोलला नाहीत! माझी फजिती होऊ नये म्हणून? की मी पुढच्या रविवारी यायचीच नाही, अशी भीती वाटली तुम्हाला?

आणि एवढं कळूनही तुम्ही लिहीत राहिलात. कुणी वाचत नाही हे माहीत असून! शेजारच्यांच्या लग्नाची बातमी, दम लागणं, पायाला आलेली सूज, आईच्या साडीत सापडलेली यादी. सगळ्याच्या आधी तो एक शब्द, माझा दिवा हिरवा राहावा म्हणून.

त्या शेवटच्या दिवशी अकरा वाजता त्याच आराखड्याचं मोठं सादरीकरण होतं. मी अख्खा फलक भिंतीवर दाखवला. सगळ्यात खाली तुमची ओळ होती, हिरवी. क्लायंटकडचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "अरे, बाबा भी इंटिग्रेटेड हैं?" सगळे हसले. मीही हसले. मी त्यांना ठासून सांगत होते की नुसतं जिवंत असल्याचं उत्तर पुरत नाही, आतलं विचारावं लागतं. माझा फोन उलटा ठेवलेला होता आणि सरिता आंटी फोनवर फोन करत होत्या.

"बेटा, दूध की थैली बाहर ही पड़ी थी," मी शेवटी फोन घेतला तेव्हा त्या सांगत होत्या आणि रडत होत्या. "भाईसाहब कभी दूध बाहर नहीं छोड़ते."

डॉक्टर म्हणाले, दहाच्या सुमारास. म्हणजे लोक हसले तेव्हा तुम्ही जाऊन तास उलटला होता आणि तुमचा दिवा हिरवाच होता. सकाळच्या एका उत्तरावर मी तो दिवसभर हिरवा ठेवला होता. अशी चूक टीममध्ये दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. बाकी चाळीस सर्विसेसना मी दर मिनिटाला विचारत होते, बाबा. तुम्हाला दिवसातून एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, तुमच्या घरात, सतरंजीवर बसलेल्या माणसांच्या मध्ये माझा फोन वाजला. 'बाबा: उत्तर नाही.' मी तिथेच फोन छातीशी धरून ओरडले. लोकांना वाटलं कुणाचा तरी सांत्वनाचा फोन असेल.

एक उत्तर मी न वाचता ठेवलं होतं. शेवटचं. परवा हिंमत झाली नाही. आत्ता हे लिहिता लिहिता उघडलं.

'ठीक आहे. पहाटेपासून छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतंय आणि डावा हात भरून आलाय. ठीक लिहिलं नाही तर तुझा फोन वाजेल, ठाऊक आहे मला. पण अकरा वाजता तुझं ते मोठं काम आहे, रविवारी म्हणाली होतीस. ते होऊ दे. मग सवडीनं कर फोन. मी थांबतो.'

बाबा!

एक शब्द! एक शब्द गाळायचा होता. खाली आंटी होत्या, त्यांना हाक मारायची होती. खड्ड्यात गेलं असतं ते काम! मला तुमचा इतका राग आलाय की तुम्ही समोर असतात तर तुम्हाला गदागदा हलवलं असतं. आणि मग तुमच्या मांडीवर डोकं ठेवलं असतं. कारण तो शब्द लिहायला लावणारी मीच. मीटिंगमध्ये आहे म्हणून ओरडणारीही मीच.

उद्या ती ओळ मी फलकावरून काढणार आहे, माझ्या हाताने. प्रीतीला सगळं सांगणार आहे. मसाल्याची बरणी करोल बागेत नेऊन तुमच्या फळीवर ठेवणार आहे आणि सरिता आंटींकडे जाऊन बसणार आहे. त्यांनाही वर्षभर जिना चढवत नाही असं त्या तेराव्याला म्हणाल्या, आणि या वेळी मी ते ऐकलं. तुम्हाला वचन देते, बाबा: ज्याचं उत्तर ऐकायला मला सवड नाही, तो प्रश्न मी यापुढे कुणाला विचारणार नाही. विचारला, तर त्या पहिल्या शब्दानंतर फोन ठेवणार नाही. पुढचं सांगून होईपर्यंत थांबेन.

आता माझी तब्येत. कशी आहे मी? तो शब्द मी लिहीत नाही, बाबा. मुद्दाम लिहीत नाही. तो नसला की लगेच फोन करायचा, असं ठरलंय ना आपलं?

तुमची,
मृणू