फाटलेल्या कडा

दौऱ्यावर, दुसरा मुक्काम
४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वही सोबत पाठवतेय. पार्सल सांभाळून उघड, पानावर बटण शिवलंय. ते राजाच्या अंगरख्याचं आहे. परवाच्या प्रयोगात राजेसाहेब रागाने छाती फुगवायला गेले आणि बटण उडून पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या मांडीवर पडलं. सगळं थिएटर हसलं. राजा बिचारा आत येऊन रडवेला झाला, आणि मलाच म्हणाला की तुझे टाके कच्चे. मी म्हटलं, टाके पक्के आहेत, जेवण आवरा. बाईंनी बटण परत आणून दिलं, ते मी आपल्या वहीसाठी ढापलं.

बाकी पानावर खोलीच्या भिंतीचा कागद आहे. कोपऱ्यात ओलीने सुटला होता, तेवढाच सोलून घेतला. त्यावर निळ्या रंगाचा पातळ हात दिला आणि कोरा चहा शिंपडला. इथली सकाळ साधारण अशीच दिसते. खाली गाडीचं तिकीट आहे.

डावं पान माझं झालं, आता उजव्या पानावर तुझं उत्तर येऊ दे. तू बांधलेल्या वहीची शिवण एवढे प्रवास करूनही हललेली नाही. लायब्ररीने तुला निवृत्त करून नुकसान करून घेतलंय. तुझ्या सूनबाईंना आशीर्वाद.

तुझ्या मायेवर जगणारी,
भिंगरी

घर
१९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. माझा चष्मा बदलायचाय, म्हणून मी सांगते आणि सूनबाई लिहिते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे असं ती स्वतःच आत्ता म्हणाली. तेही लिही म्हटलं.

राजाचं बटण फार आवडलं. उत्तरादाखल मी स्वयंपाकघराची खिडकी केलीय. वर्तमानपत्र, कांद्याची सालं, जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरचं लाल कापड, आणि पिठाची खळ. खळीत एक गुठळी राहिली, तिथे बोट फिरवून बघ. तू गेल्यापासून खिडकीसमोरच्या घराला नवा रंग लागलाय, तो मला आवडलेला नाही. मी पानावर जुनाच रंग ठेवला.

जेवणाची हयगय करू नकोस. पुढच्या गावाला नदी असेल तर नदी पाठव.

तुझी वाट पानापानावर बघणारी,
ताई

दौऱ्यावर, तिसरा मुक्काम
२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नदी आहे. पाठवलीय.

पण तुझ्या खिडकीबद्दल बोलायचंय. ताई, हे काय? सगळे कागद हाताने टराटरा फाडलेले! एक कड सरळ नाही. शाळेतल्या सिस्टरांनी पाहिलं असतं तर हातावर पट्टी बसली असती. आठवतंय ना, हस्तकलेच्या तासाला आपले वर्ग एकत्र बसायचे, तेव्हा त्या तुझा कागद खिडकीच्या काचेवर धरायच्या, कड कशी असावी ते बघा म्हणायच्या. मग माझा धरायच्या आणि विचारायच्या, तुम्ही दोघी सख्ख्या ना? चाळीस मुली हसायच्या. घरी जाताना तू मला अर्धं चॉकलेट द्यायचीस. मोठं अर्धं.

म्हातारपणी आळशी झालीस, दुसरं काय! म्हणून सोबत कात्री पाठवतेय. आम्हा कपडे शिवणाऱ्यांत कापडाची कात्री कागदाला लावणं म्हणजे पाप. ही खास कागदाची आहे, टोक सुईसारखं. दुकानदाराने तीन काढल्या, मी तिन्ही कापून बघितल्या, तो वैतागला. आता पुढचं पान कापून पाठव, नाहीतर वहीला हात लावू देणार नाही.

तुझी आगाऊ,
भिंगरी

घर
१४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कात्री पोचली. फार देखणी आहे. मी ती खिडकीत ठेवलीय, सकाळी ऊन पडलं की चमकते. सूनबाईला सांगितलंय, हिने पिशव्या-पुड्या कापायच्या नाहीत.

फाडलेल्या कडांची हल्ली फॅशन आहे, तुला ठाऊक नाही. तुझी नदी पुन्हा पुन्हा बघते. पान मात्र एवढ्यात पाठवत नाही. खळ नीट जमत नाहीये.

दौरा पूर्ण करून ये. घाई करू नकोस.

तुझं सगळं चांगलं चिंतणारी,
ताई

घर
१५ एप्रिल

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

आजवर आईंनी सांगितलं ते लिहिलं. हे त्यांना न विचारता लिहितेय. कळलं तर बोलतील, बोलू देत.

मावशी, चष्म्याला काही झालेलं नाही. आईंचा उजवा हात गेलाय. आधी कप सुटायला लागला, मग किल्ली फिरेना. आता ब्लाउजची बटणं मी लावते. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, औषध नाही, डाव्या हातातही उतरेल. कधी ते त्यांनाही सांगता येत नाही.

ती खिडकी त्यांनी चार दिवस केली. कागदावर पुस्तकं दाबायचं लोखंडी वजन ठेवायचं आणि डाव्या हाताने फाडायचं. मी कापून देते म्हटलं तर म्हणाल्या, मग ते पान तुझं होईल.

तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. तुम्ही आळशी म्हणालात त्यावर त्या हसल्या. मग कात्रीत अंगठा घालायचा प्रयत्न करत बसल्या. ती दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा मी उचलली तेव्हा म्हणाल्या, खिडकीत ठेव, भिंगरीने हौसेने पाठवलीय.

तुम्हाला कळवू देत नव्हत्या. म्हणत होत्या, ती दौरा सोडून धावत येईल, मग मला गावं कोण दाखवणार? मला वाटलं, तुम्हाला कळायला हवं.

आपली,
सूनबाई

दौऱ्यावरून
२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सूनबाईंवर रागावायचं नाही. रागावायचंच तर माझ्यावर रागाव. आयुष्यभर तुझ्या सरळ कडा बघितल्या, आणि वाकडी दिसली तेव्हा मला कात्री सुचली. काल दिवसभर प्रत्येक शिवणीत सुई बोटाला लागत होती.

मी येतेय, मे अर्धा झाला की निघते. मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, राजाची बटणं कोण लावणार? म्हटलं, राजाने श्वास कमी घ्यावा.

येताना बारीक सुया आणि रेशमी दोरा आणते. तुझ्या फाटलेल्या कडांना असे टाके घालीन की कुणाला कळणारसुद्धा नाही. मला तेवढंच येतं, ताई.

तुझीच,
भिंगरी

घर
३ मे

भिंगरी,

आशीर्वाद. डाव्या हाताने लिहितेय. ओळी खाली उतरतात, चालवून घे. सूनबाईवर रागावले, मग तिच्याच हातून जेवले.

दोरा आणू नकोस. लोकांची फाटलेली पुस्तकं मी जन्मभर अशी सांधली की फाटलं होतं हे कळू नये. माझी पानं कळू देत.

सरळ घरी येऊ नकोस. वाटेत दोन गावांना उतर. वही सोबत पाठवतेय, डाव्या पानांवर ती दोन गावं करून आण. उजवी मी फाडून करीन, तू फक्त वजन धर.

दोनच हं. तिसऱ्या गावाला उतरू नकोस.

ताई