आधी पाणी, मग पंप

सर, आज ऑफिसात एका नव्या मुलीला मी फार बोलले. सर्व्हर चालू होताना आपोआप सुरू व्हायच्या कामांच्या यादीत तिने मला न विचारता एक काम घातलं होतं. ती रडली. घरी येऊन मी हे लिहायला बसले.

गोखिवऱ्याच्या कारखान्यातली ती थंडगार खोली आठवते. कॉम्प्युटरच्या मशीनपाशी आपण दोघं, पलीकडे टर्मिनलवर ऑर्डरी टाइप करणाऱ्या चार मुली. लाईट जाऊन आली की मशीन आधी आपली डिस्क तपासायचं. पाऊण तास जायचा. तोवर तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत, मग एकेक काम स्वतः सुरू करायचात. मी म्हणायचे, "सर, सगळं यादीतच घालू या, आपोआप होईल." तुम्ही वटारचे, केळीच्या वाडीतले. "बाय, लाईट आली म्हणून कोरडा पंप चालवशील? जळेल तो. आधी पंपात पाणी, मग पंप."

तुम्ही भाचीच्या लग्नाला दोन दिवस रजेवर गेलात. इकडे लाईट गेली, मुली खोळंबल्या. "तुमच्या मशीनची पूजा आटोपली की सांगा हं," एक म्हणाली, बाकीच्या हसल्या. मला राग आला. ऑर्डरींचं काम मी यादीत घातलं, तपासणीच्याही वर. तुम्ही परतल्यावर यादी उघडून पाहिली नाहीत. मी होते ना, माझ्यावर भरवसा. त्याच दुपारी लाईट जाऊन आली, आणि तुम्हाला कळायच्या आत न तपासलेल्या डिस्कवर मुली टाइप करू लागल्या. ऑर्डरींची फाईल गेली. टेपवरची नक्कल महिन्यापूर्वीची.

साहेबांनी विचारलं, "यादी कोण बघतं?"

"मी," तुम्ही म्हणालात. मी शेजारीच उभी होते.

तुम्हाला गोदामात बसवलं, तुमची खुर्ची मला दिली. जाताना तुम्ही केळीच्या सुक्या पानात बांधलेलं सुकेळ्यांचं, वाडीतल्या सुकवलेल्या केळ्यांचं, पुडकं माझ्यापुढे ठेवलंत. "खुर्ची मिळाली, तोंड गोड कर." आठवड्याने गोदामाच्या दारात विचारलंत, "सुकेळी कशी होती?" मी म्हटलं, "छान." पुढच्या वर्षी तुम्ही वारलात, गोदामातलेच कारकून म्हणून.

हा कागद कुठे पोस्टात टाकायचा नाही, म्हणून लिहिते. यादीतली ती ओळ माझी होती, सर. आणि ते पुडकं मी उघडलंच नाही. मुंग्या लागल्या तेव्हा टाकून दिलं.