मांडीचं सांगू नकोस

बोईसर, कार्तिक, १९९४

चि. चंद्रभानास रखमाक्काचे अनेक आशीर्वाद.

खुब्याचं ऑपरेशन करून मुंबईहून लेकाच्या खोलीवर आले. जखम सुकली. काठी घेऊन कंपनीच्या गेटापर्यंत जाऊन येते. इथल्या धुराने खोकला तेवढा होतो. काळजी नसावी.

तपासणीला गेलं की डॉक्टर खूश होतात. चालता येतं, जिना चढता येतो, दुखत नाही, मग झालं. खाली मांडी घालून बसायचं मात्र कायमचं बंद. नवा सांधा निखळेल म्हणतात. जेवतेसुद्धा खुर्चीवर, पाहुण्यासारखी. जरा वाकले की शेजारीण ओरडते, "अम्मा, कुर्सी पे बैठो."

आई दूध तरी घेते का? माझं नाव काढते का? तिला खालच्या अंथरुणावरून बाजेवर घ्या. ती ऐकायची नाही, पण घ्या. म्हणजे मला उशाशी खुर्ची टाकून तिचा हात तरी धरता येईल.

आईला मागे ठेवून दादा गेले तेव्हा आपल्या बापाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आईने तेव्हाच सांगून ठेवलंय, माझ्या वेळीही तूच घे.

तिने विचारलं तर आक्का चालत येतेय, एवढंच सांग. मांडीचं सांगू नकोस.

तुझी
आक्का