वह्या शिवणाऱ्या बायका

अण्णा, परवा सकाळी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेलो आणि वह्यांच्या पानांवर रेघा ओढणारं आपलं मशीन पुसून काढलं. त्याला गिऱ्हाईक आलं होतं. पुसताना तुमचा आवाज कानात येत राहिला. मोहोळकडच्या खेड्यातनं दहावी होऊन मी सोलापुरात तुमच्याकडं कामाला आलो, त्या पहिल्या दिवशी दमून कागदाच्या गठ्ठ्यावर टेकलो होतो. तुम्ही लांबूनच म्हणालात, "काय ओ मोहोळचे पाटील, गादी आणू का? ज्याच्यावर बसलाय, त्यो कागद पोटाला घालतोय आपल्या." सगळे हसले. मी घाबरून कागदाच्या पाया पडलो, तेव्हा तुम्ही हसणाऱ्यांवरच डाफरलात.

तेव्हा आपण भाड्याच्या खोलीत चादरींची लेबलं छापायचो. मग वह्या सुरू झाल्या, चिंचोळीच्या एमआयडीसीत शेड झाली, जून आला की पार बार्शीचे दुकानदार दारात येऊन बसायचे. बायका ओळीनं वह्या शिवतायत, तुम्ही मधनं फिरताय, कुणाच्या पोरीची शाळा विचारताय. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. शेवटी दवाखान्यात कारखाना माझ्यावर सोपवलात आणि माझा हात धरून एवढंच बोललात, "ह्या बायांच्या हातचं काम सुटू देऊ नगंस." मी व्हय म्हणालो.

लई ओढलं, अण्णा. पण आता शाळाच मोठ्या कंपन्यांच्या वह्या देतात. त्यांच्याकडं एकाच मशीनमधनं रेघा मारून, शिवून, कापून वही बाहेर पडते. आपला माल शेडमध्येच पडून राहिला. तरी बायका रिकाम्या बसू नयेत म्हणून मी त्यांना न खपलेल्या वह्या उसवायला लावायचो, नवं कव्हर घालून परत शिवायला लावायचो. तुमच्या वेळची एकच मावशी उरलीय. तीच एकदा सुई खाली ठेवून म्हणाली, "आमाला कळत न्हाय व्हय रं? काल शिवलेलं आज उसवतोय आमी. ह्याला काम म्हनत्यात का? नगं बाबा आता, पगार घ्यायची लाज वाटती."

मला तिच्याकडं बघवलं नाही.

हे तुम्हाला सांगायलाच हवं होतं, आणि हे पत्र कुठं जाणार नाही हेही मला कळतंय. इतकी वर्षं सिद्धेश्वरापुढं कारखाना चालू राहू दे म्हणून हात जोडले. परवा पहिल्यांदाच मागितलं, की बायकांना सांगताना माझा आवाज कापरा होऊ देऊ नको. तेवढं त्यानं ऐकलं. मशीन टेम्पोत चढलं, मी सगळ्यांना समोर बसवलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.