भट्टीचं वारं

१९ ऑगस्ट
येसूचा डावा डोळा गेला. सिव्हिलमधल्या डॉक्टरनं आज तोंडावर सांगितलं, उगं आशा लावू नका.
परवा दुपारी घडलं. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा भट्टीतनं निघून गार झाला की घणाखाली धरून सरळ करायचा, हे त्याचं रोजचं काम. घण बसला आन् पाटा काचेवानी फुटला. कपची थेट डोळ्यात. येसू खाली बसला आन् म्हणला, "दादा, दिवा कुणी मालवला?" भर दुपारी.
पुढल्या महिन्यात त्याला साताऱ्याला हजर व्हायचं व्हतं. छाती, उंची, पळणं, समद्यात पास झालेला. आबा पलटणीतले, मी पलटणीतला, आता ह्यो. एका डोळ्याचा शिपाई कोण घेतंय.
ज्यानं पाटा बिघडवला त्याचा हात मोडल्याबिगर भाकरी गोड लागायची न्हाई. लिवून ठेवतो.

२० ऑगस्ट
पाटा का फुटला ते मला ठावं हाय. भट्टी माझी. विजेची भट्टी, शेजारी पाटे गार करायचा पेटारा, दोन्हीला ब्लोअर एकच. पाटा तापताना वारं हळू पायजे, आतल्या आत फिरत ऱ्हाईल एवढंच. तापून निघाला की पेटाऱ्यात घालायचा, पट्टा मोटरच्या मोठ्या पुलीवर चढवायचा, वाऱ्याची दांडी खाली वढायची आन् सगळं वारं त्याच्या अंगावर सोडायचं. हितं वारं कमी पडलं की पाटा सावकाश गार हुतो आन् आतनं ठिसूळ ऱ्हातो. वरनं कायबी दिसत न्हाई. दांडीच्या खुणा मीच छिन्नीनं पाडल्यात. माझ्या खुणेवर वारं कमी पडायचं कारण न्हाई.
मंजी पट्टा कुणीतरी ल्हान पुलीवर घेतला, तिथं वारं कमी. दुसऱ्या पाळीला भट्टीवर कल्लाप्पा असतो, जतकडचा, कानडी बोलीचा. फुटला त्यो पाटा त्याच्या पाळीतला असंल. मोठ्या पुलीवर मोटर जळतीय की ओ, अशी कुरकुर त्याचीच.
आठवडाभर ब्लोअरचा आवाजबी बारीक येत व्हता. शिट्टीवानी. येसूच म्हणला व्हता, दादा, ब्लोअर निराळा वाजतोय. मी म्हणलो, तू घण मार.

२३ ऑगस्ट
पाटणहून आबा आले. दवाखान्यात येसूला बघितलं. बाहीर व्हरांड्यात येऊन माझ्या मुस्काटात दिली, समद्या पेशंटांदेखत.
"तुझ्या हवाली केला व्हता. कुणाचं काम हाय हे?"
नाव सांगितलं.
"मग हितं काय करतुयास? हातात बांगड्या भरल्यात?"
शालन माझ्याकडं बघत व्हती. बायकोसमोर मार खाल्ला त्याचं न्हाई वाटलं. आबा बरोबर बोलले ह्याचं वाटलं.

२४ ऑगस्ट
मारला.
पाळी बदलायच्या टायमाला दारातच धरला. पयली लाथ पोटात. "आईची आन, मी पट्टा हलवलो न्हाई," असं वरडत व्हता. "हात सुदीक लावलो न्हाई की ओ." त्याचा उजवा हात पुलीच्या कठड्यावर धरला आन् पट्टा चढवायची सळई घातली. परत घातली. हाडाचा आवाज घणाच्या आवाजातबी ऐकू आला. तोंडातनं रगत आलं त्याच्या, माझ्या शर्टावर हाय अजून.
आण्णा मधी पडले. मालक. जैन माणूस, मुंगी चिरडंल म्हणून खाली बघून चालणारा. धोतर रगतानं भरलं त्यांचं. "अरे जीव आहे तो, जीव आहे," एवढंच म्हणत व्हते. सळई त्यांच्या खांद्याला घासून गेली. तवा थांबलो.
पोलीस आला. कल्लाप्पानं जबाब दिला, मशीनीत हात गेला म्हणून. माझं नाव घेतलं न्हाई. त्याच्या मनात काय तरी हाय.

२५ ऑगस्ट
येसूला सांगितलं. डोळा गेल्यापास्नं पयल्यांदा हासला.
"किती वरडला? परत सांग."
परत सांगितलं. हात उशाखाली घालून ऐकत ऱ्हायला, ल्हानपणी गोष्ट ऐकायचा तसा. मलाबी लय बरं वाटलं. का खोटं लिवू.
घरी शालन म्हणली, "एकाचा डोळा गेला, एकाचा हात. भरलं का आता घर तुमचं?" ताट उचलून भितीवर मारलं मी. भात अजून चिकटलाय तिथं.

२ सप्टेंबर
आज परत पाटे फुटले. कुणाला लागलं न्हाई.
कल्लाप्पा कामावर न्हाई. भट्टीवर मी. पट्टा मोठ्या पुलीवर मी चढवला, दांडी खुणेवर मी वढली. तरी पेटाऱ्याच्या तोंडाशी कागद धरला तर लोंबतोय. भरकन उडाया पायजे. ब्लोअर उघडला, पाती साफ, पट्टा ताठ, नळी रिकामी. मोटरबी गार. उलट पयल्यापेक्षा गार.
वारं वढायचं तोंड भितीपल्याड आण्णांच्या परसात उघडतं. तिकडं आमी कोण जात न्हाई. पूजेची फुलं, सोवळ्याचा आड, आमच्या पायात चामड्याची पायताणं. तिथं कोण कशाला जाईल.
पेटाऱ्याला लाथा घातल्या. अंगठ्याचं नख निघालं.
मग कल्लाप्पानं… आज डोकं चालत न्हाई.

१३ सप्टेंबर
समदं लिवून ठेवतो.
आण्णांचं पर्युषण पर्व संपलं. दरसाल पर्व झालं की ते कारखान्यात येत्यात आन् समद्यांम्होरं, झाडूवाल्याम्होरंबी, हात जोडत्यात. कळत नकळत दुखावलं असंल तर क्षमा करा म्हणत्यात. ही त्यांची रीत. माझ्याम्होरं आले. खांदा अजून हिरवा निळा हाय त्यांचा.
म्हणले, "हणमंत, तुझ्या भट्टीनं पाप फार होतं रे. चातुर्मासात दिव्याला किडे येतात आणि ब्लोअर त्यांना आत ओढतो. म्हणून मी आपला तोंडाला कपडा बांधलाय. घरातलं पाण्याचं गाळणं, दुहेरी करून. तेवढे तरी जीव वाचतील."
मी इचारलं, "कवा बांधला?"
"चातुर्मास लागला तेव्हाच."
पायताणासकट परसात पळालो. कपडा व्हता. बांधला तवा पांढरा असणार. आता तेल आन् धूळ बसून चामड्यावानी झालेला, आत खेचून ताठ. त्यातनं फुंकर जायची न्हाई. बाहीरनं किडे चिकटून मेलेले, थरच्या थर. वाचलं एकबी न्हाई.
फाडून काढला. तसा ब्लोअर वरडला. जुना आवाज, जाड. आत पेटाऱ्याम्होरचा कागद उडून पार दारात गेला.
कपडा हातात घिऊन आण्णांम्होरं उभा ऱ्हायलो. त्यांना सांगावं लागलं न्हाई. आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग येसूच्या रिकाम्या घणाकडं, आन् मातीत बसले. म्हणले, "मार मला."
न्हाई मारलं. मारायचा त्यो आधीच मारून झालेला.

१६ सप्टेंबर
कल्लाप्पाकडं गेलो. विश्रामबागच्या पल्याड खोली हाय त्याची. हात पलिस्तरात. बोटं मिटत न्हाईत, करंगळी तेवढी हालती. समदं सांगितलं. ऐकून घेतलं, उठला, डाव्या हातानं मुस्काटात दिली. मग अजून एक. पाय घट्ट रोवून खाल्ल्या.
"बरोबर बसत न्हाई ह्या हातानं," म्हणला.
म्हणलो, काय पायजे ते माग. आण्णा देतील, मीबी देईन.
"काय बी नको. तुझा भाऊ येईल त्याच्याम्होरं मला शिव्या देतोय, आमच्या गावापतूर गेलंय. त्याला जाऊन सांग, कल्लाप्पा पट्टा हलवलो न्हाई म्हणून. तुझ्या तोंडानं सांग. दसऱ्यापतूर बघतो."
"आन् मग?"
"मग माझं मी बघतो की."
एवढंच मागितलं. लय झालं.

२० सप्टेंबर
आण्णा म्हणले कपडा आता नकोच. मी म्हणलो, ऱ्हाऊ द्या. का म्हणलो मलाबी ठावं न्हाई. त्यांचं तोंड बघवत न्हाई म्हणून असंल.
ब्लोअरच्या तोंडाला फळ्यांचा मोठा पिंजरा केला, माणूस आत बसंल एवढा. चारी अंगाला आन् वरनं पातळ कपडा, खाटेच्या मच्छरदाणीवानी. ल्हान तोंडाला बांधलं की गुदमरतं. पसारा वाढवला की वारं तेवढंच मिळतं आन् सावकाश आत येतं, किडा कपड्याला चिकटतबी न्हाई. कपडा रोज झटकायचा. पट्टा मोठ्या पुलीवर, दांडी जुन्या खुणेच्या जरा खाली. तिथं नवी खूण पाडली. कागद भरकन उडाला.
पयला पाटा मीच घणाखाली धरला, मीच मारला. तोंड वळवलं न्हाई, डोळे उघडे ठिवले. वाकला, फुटला न्हाई. अजून मारला. हात सुजंपतूर मारत ऱ्हायलो. त्यो काय फुटला न्हाई.
फुटला असता तर बरं, असंबी एकदा मनात आलं.

२८ सप्टेंबर
येसू घरी आल्यापास्नं दिसभर दारात बसून कोयता पाजळतोय. उसाचा कोयता, आबांनी गावाकडनं धाडला. काल आरसा फोडला त्यानं, बुक्कीनं.
आज म्हणला, "दादा, तू हात मोडलास, ते बरं केलंस. पण हिशेब डोळ्याचा हाय. दसरा झाला की मी जातो कल्लाप्पाकडं."
"काय करणार?"
"डोळा घेणार. दुसरं काय."
साधं सांगितल्यावानी सांगितलं. बाजारातनं भाजी आणतो म्हणावं तसं.
सांगितलं न्हाई तर कल्लाप्पाचा डोळा जातोय. सांगितलं तर आण्णांचा. शालनला इचारलं. म्हणली, "आपल्या हातानं पेटवलंय, आता जाळ कुणीकडं जातो ते मला काय इचारता?" आन् रडाय लागली.

४ ऑक्टोबर
सांगितलं.
येसू म्हणला, "कपड्यानं?"
व्हय म्हणलो.
"पाण्याच्या गाळण्यानं?"
व्हय.
हासला. ते हासणं ऐकून शालन चुलीपास्नं उठून आली. मग त्यानं पितळी तांब्या उचलून माझ्या कपाळावर मारला. रगत डोळ्यात उतरलं. तशात त्याचं बोलणं ऐकू आलं.
"किड्यांसाठनं. माझा डोळा किड्यांसाठनं."
तांब्या खाली ठिवून म्हणला, "मग आता कुणाचा घ्यायचा, दादा?"
मी कपाळाला फडकं बांधलं.
कल्लाप्पाला निरोप धाडला. सांगितलं म्हणून.

५ ऑक्टोबर, खंडेनवमी
भट्टी बंद. पुलीला, दांडीला, ब्लोअरला झेंडूचे हार. येसू आला न्हाई. कल्लाप्पा आला, पलिस्तर घिऊन. डाव्या हातानं दांडीला कुंकू लावलं. माझ्याकडं बघितलं न्हाई, पण शेजारी उभा ऱ्हायला.
आण्णांना म्हणलो, चार दिस पाव्हण्यांकडं जावा.
"कशाला? मी येसूला माझ्या तोंडानं सांगणार आहे."
"आण्णा, तुमाला कळत न्हाई. त्यो कोयता घिऊन बसलाय."
"मग कोयत्यासमोर सांगीन."
असल्या माणसाला काय करावं. धरून मारावं असं वाटलं.
घरी पाटावर कोयता, येसूचा घण, माझी सळई मांडली. हळदकुंकू, तांदूळ. येसू हात जोडून उभा ऱ्हायला. सळई वल्या फडक्यानं पुसली व्हती मी, तरी शालननं तिला हळद लावली न्हाई.

६ ऑक्टोबर, दसरा
सकाळी पाटावर कोयता न्हाई. तांदळात त्याच्या आकाराची जागा तेवढी. येसूची चप्पलबी न्हाई.
तसाच पळालो कारखान्याकडं, अनवाणी. परसात आण्णा मातीत बसलेले. जिता माणूस. पिंजऱ्याच्या चिंध्या झालेल्या, फळ्यांवर कोयत्याचे घाव, एकात एक. आण्णा चिंध्या गोळा करत व्हते.
"मला काही केलं नाही त्यानं," म्हणले. "मी सगळं सांगितलं. मान खाली घालून बसलो. त्यानं पिंजरा तोडला, दमला, माझ्याशेजारी बसला. मग एकच विचारलं."
"काय इचारलं?"
आण्णांनी परत चिंध्यांना हात घातला. हलवलं त्यांना खांद्याला धरून, दुखऱ्या खांद्याला. माझ्या कपाळावरच्या पट्टीकडं बघत म्हणले, "विचारलं, ब्लोअरचा आवाज बदलला तेव्हा भट्टीवर कोण होतं?"
"आन् तुमी काय म्हणला?"
"मला खोटं बोलता येत नाही, हणमंत."
दिसभर हुडकला. स्टँडवर न्हाई, नदीकडं न्हाई, कल्लाप्पाकडं न्हाई. कल्लाप्पाबी हुडकाय आला माझ्यासंगं. वाटंत लोक सोनं देत व्हते, घेतलं, खिशात पानांचा चुरा झालाय.
दिवेलागण झाली. माझं आन् येसूचं, दोन ताटं वाढून ठिवल्यात. शालन इचारती, दाराला कडी घालू का.
नको म्हणलो.