लंबूचा घरी जायचा शर्ट

ताई,

दुरूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करताना हात भाजायचे, आता सवय झाली. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

भाचीच्या लग्नाला येशील ना, असं विचारलंस. खटपट चालू आहे. पासपोर्टची काळजी करू नकोस, तो मालकाच्या कपाटात आहे. चोराच्या बापालाही सापडायचा नाही. मलाही नाही.

माझ्या वरच्या खाटेवरचा लंबू मात्र घरी चालला. इथल्या आसपासच्या देशांनी संघ केलाय आणि सगळ्यांचं मिळून एक कोर्ट आहे. लंबूचा देश त्या संघात आहे. मालकानं पासपोर्ट दाबून ठेवला म्हणून त्यानं तिथे तक्रार केली. साक्ष मी दिली. तेव्हापासून मालक माझ्याशी बोलत नाही, तेवढीच शांतता.

हा माणसाच्या हक्कांवर घाला आहे, असं कोर्टानं ठणकावलं. लंबूला पासपोर्ट मिळाला. मी विचारलं, "आणि माझा?" लंबूच्या वकीलबाई म्हणाल्या, "तुमचा देश संघात नाही हो." म्हणजे नुसता माणूस असून भागत नाही!

माझा नुसता जळफळाट होतोय, ताई. पासपोर्ट उशाखाली घेऊन घोरतो लेकाचा!

आज त्यानं घरी जायचा शर्ट माझ्याकडेच इस्त्रीला दिला. मी कॉलरवर मुद्दाम एक चुणी ठेवली. शर्ट घालून तो कितीतरी वेळ आरशासमोर उभा होता, पण चुणी त्याला दिसलीच नाही. घरी निघालेल्याला कुठली दिसतेय!

तुझा,
इथेच असलेला धाकटा