पिवळ्या फुलांचा बंदोबस्त

सोमवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ६.
आजपासून मी आमच्या चना गावातल्या 'चना होलाप्रेमी' ग्रुपचा ॲडमिन. निवड एकमताने झाली. म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं, पण एकमत ते एकमत. पोस्टात जन्म घालवलाय, कुठलं टपाल कुठं जावं हे मला शिकवू नये.
फोन उघडला तर पिवळ्या फुलांचा ढीग. आमच्याकडे प्रत्येक वाराचा रंग ठरलेला, सोमवार पिवळा हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यासाठी गावभर शेवंती वाटायची? त्यात लामाईताई. फूल, फुलावर दव, दवावर 'आरोग्य लाभो' आणि पाठोपाठ त्यांच्या होल्याच्या घुमण्याची लांबलचक क्लिप. रोज. न चुकता.
ग्रुप स्पर्धेसाठी आहे. ३ मार्चला मैदानातल्या उंच खांबांवर पिंजरे चढतील, खाली पंच कान लावून फिरतील आणि माझा होला थोंगदी घुमेल. सध्या फॉर्मात आहे. सकाळी मी फोन घेऊन व्हरांड्यात बसलो की सुरूच होतो. मला बघून हुरूप येत असणार.

मंगळवार, ६ फेब्रुवारी.
आज ढीग गुलाबी. नियम जाहीर केला: फुलं फक्त रविवारी. सगळ्यांनी अंगठे दाखवले. माणसं समजूतदार आहेत, नेता हवा होता.
बायकोने, प्रानीने, व्हरांडा मोजला. म्हणाली, दर वर्षी तुमचा पक्षी खांबावर चढून मौनव्रत धरतो. यंदाही धरलं तर पिंजरा खाली आणि इथे माझं खानोमचीनचं दुकान. तिच्या या तांदळाच्या शेवया गावात नावाजलेल्या आहेत, मान्य. पण व्हरांडा थोंगदीचा. मी म्हटलं, मोज बाई मोज, टेपला तेवढाच व्यायाम.

रविवार, ११ फेब्रुवारी.
लोकांनी आठवडाभराची फुलं साठवून ठेवली होती. आज प्रत्येकाने सातही रंग सोडले. फोन हातात धरवेना. लामाईताईंच्या क्लिपाही सात. थोंगदी घसा बसेपर्यंत घुमला. गोंगाटाचा त्रास होत असावा बिचाऱ्याला.

सोमवार, १२ फेब्रुवारी.
लामाईताईंना ग्रुपमधून काढलं. त्यांचा लगेच फोन. म्हणाल्या, चरूनभाऊ, माझं काही चुकलं का? एकटी बाई मी. सकाळी फूल टाकलं की लामाई अजून आहे एवढं तरी चार घरांत कळतं. मी त्यांना नियम वाचून दाखवला. नंतर कॉफी गोड लागली नाही. दूध जुनं असेल.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी.
ग्रुप शांत. थोंगदीही शांत. शिस्त संसर्गजन्य असते. तरी दाणे बदलले.

मंगळवार, २० फेब्रुवारी.
थोंगदीला हळदीच्या पाण्याने अंघोळ घातली. पिंजरा पूर्वेला टांगला. बुद्धाच्या देवळातून मंतरलेलं पाणी आणून शिंपडलं. हूं नाही की चूं नाही.
चहाच्या दुकानात रोमानचाचा भेटले. होले पाळण्यात त्यांचे केस पिकले. म्हणाले, अरे बाबा, पक्षी ठणठणीत आहे, त्याच्याशी बोलणारं कुणी उरलं नाही. प्रानीचंही तेच, तुम्ही त्याची सोयरीक मोडलीत म्हणे. चाचांचं आता वय झालं. प्रानीचा डोळा व्हरांड्यावर आहे.
सभासद गळतायत. गाळ निघतोय, चांगलंच आहे.

बुधवार, २८ फेब्रुवारी.
ग्रुपमध्ये आता फक्त दर्जेदार सभासद: मी आणि प्रानी. एक फूल नाही! स्पर्धेच्या सूचना टाकल्या. कुणाचीही हरकत आली नाही.

रविवार, ३ मार्च. दुपार.
पहाटेच मैदानात पोचलो. खांब होते, पंच नव्हते. एक गाय चरत होती. राखणदार म्हणाला, स्पर्धा कालच उरकली की. मुख्य पंचांच्या मुलाची आज भिक्षू होण्याची दीक्षा आहे, म्हणून एक दिवस आधी घेतली. सगळ्या ग्रुपला कळवलं होतं.
कुठल्या ग्रुपला? तर लामाईताईंनी काढलेल्या नव्या ग्रुपला. सगळं गाव तिकडे आहे. प्रानीसुद्धा! तिला फोन केला. शांतपणे म्हणाली, ग्रुपबाहेरच्या चहाड्या सांगू नकोस असं तुम्हीच बजावलं होतं.
आलोच होतो, म्हणून पिंजरा खांबावर चढवला. मान वर करून उभा राहिलो. काही नाही. मला रडू आलं. वाऱ्याने येतं कधी कधी.
तेवढ्यात लामाईताई बाजाराला चालल्या होत्या, मला बघून स्कूटर थांबवली. त्यांचा फोन वाजला. फोनची रिंग म्हणजे त्यांच्या होल्याचं घुमणं! आणि वरून थोंगदीने जो सूर लावला, तो आजवर मी ऐकला नव्हता. थांबेचना. गायसुद्धा चरायची थांबली. ताई म्हणाल्या, अगंबाई, असा गळा आणि लपवून ठेवलात?
घरी येऊन सांगितलं. प्रानीने विचारलं, पंच होते का? नव्हते. मग झालं तर, म्हणाली आणि टेप काढली.

सोमवार, ११ मार्च.
व्हरांड्यात आता शेगडी आहे. सकाळपासून काकडी चिरतोय. थोंगदी लामाईताईंकडे राहायला गेला. त्यांनी स्वतः येऊन विचारलं, नाही म्हणवेना.
त्यांच्या ग्रुपात मला घेतलं. नव्या सभासदाने महिनाभर रोज फूल टाकायचं असा नियम आहे. आज गुलाबी टाकलं. सोमवारी! सर्वांदेखत समज मिळाली.
मग ताईंची क्लिप आली. आता दोघं घुमतात. त्यातला थोंगदी कुठला ते मला लगेच कळलं. तीनदा ऐकली. प्रानी ओरडली, गिऱ्हाईक उभं आहे. म्हटलं, उभं राहू दे. आवाजात माझी शिस्त स्पष्ट जाणवते.